मुलगी पहिलीत जाणार: घरीच शिकवावं की वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत घालावं?

काजूबाग (धागाकर्ती), २ एप्रिल
नमस्कार. दोन वर्षांपूर्वी पुण्यात वारज्यातली भाड्याची जागा सोडून आम्ही कुडाळ तालुक्यातल्या माझ्या सासरच्या घरी राहायला आलो. नवरा काजूची बाग बघतो, मी घरून हिशेबाची कामं करते. मुलगी ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण करेल, म्हणजे ३१ डिसेंबरच्या नियमात बसते आणि यंदा पहिली. वाडीतली जि. प. शाळा घरापासून चालत सात मिनिटं. पहिली ते चौथी मिळून ११ मुलं, दोन शिक्षक.
पुण्यातली माझी मैत्रीण दोन्ही मुलांना घरीच शिकवते. तिच्याकडे आठ दिवस राहून आले तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. सासरे म्हणतात, नाव शाळेत घाल, बाकीचं घरी बघू.
वर्षाला २०,००० रुपयांच्या वर जमणार नाही. पावसात चार-चार दिवस वीज आणि रेंज नसते, त्यामुळे ऑनलाइन वर्ग सुचवू नका. खाजगी शाळा नको आहे. स्वतः अनुभव घेतलेल्यांनी सांगा.

मोकळं आभाळ
डोळे झाकून घरी शिकवा. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, शाळेची पायरी चढलेला नाही. साडेआठ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता, आजी रोज रडायची. एक दिवस स्वारगेटला गाडीची वाट बघत होतो, तर समोरच्या बसवरची ‘विना थांबा विना वाहक’ ही पाटी त्याने सलग वाचली आणि मला विचारलं, वाहक नसेल तर तिकीट कोण देतं? त्यानंतर तीन महिन्यांत जाडजूड पुस्तकं वाचायला लागला. कोणी शिकवलं नाही. सध्या दुर्बीण, घोडेस्वारी, तबला चालू आहे. दीड लाखात वर्ष आरामात निघतं.

सोनचाफा
घरी अजिबात नको आणि अकरा मुलांच्या शाळेतही नको. आम्हीही गावात राहतो, मुलं बसने तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात जातात. फी ६२,०००, बसचे वेगळे. पहाटे उठावं लागतं, पण मोठी आता स्टेजवर न अडखळता इंग्रजीत बोलते. मुलींच्या शिक्षणात पैशाकडे बघू नये असं मला मनापासून वाटतं.

काजूबाग
सोनचाफाताई, तुमच्या लेकीचं कौतुक आहे. पण खाजगी नको हे वर लिहिलंय. सहा वर्षांच्या मुलीला रोज दोन तास घाटवळणांतून बसमध्ये बसवायचं नाहीये.

कायदा कलम
घरी शिकवणं बेकायदेशीर आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि कलम १० प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे. उगाच लोकांना भलत्या वाटेला लावू नका.

मोकळं आभाळ
कर्तव्य लिहिलंय, पण त्या कायद्यात पालकांना शिक्षा कुठे लिहिली आहे ते दाखवा. सक्ती सरकारवर आहे, शाळा उपलब्ध करून देण्याची. आमच्याकडे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला बाई आल्या होत्या. मुलाशी बोलल्या, त्याच्या वह्या बघितल्या, चहा घेऊन गेल्या.

कायदा कलम
शिक्षा नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ होत नाही.

मोकळं आभाळ
आणि कर्तव्य म्हणजे गुन्हा असाही होत नाही.

पाटी पुस्तक
हा वाद चालूच राहील. धागाकर्तीला उपयोगी पडेल ते सांगते. माझी भाची एनआयओएसमधून शिकली. ही केंद्र सरकारची मुक्त विद्यालय संस्था, १९८९ पासूनची. त्यांचे लहान मुलांसाठी ए, बी, सी असे तीन स्तर असतात, ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष. दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा. मराठीतूनही देता येते. राज्य मंडळाची दहावी हवी असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. म्हणजे घरी शिकवलं की दारं बंद होतात हे खोटं आहे. मात्र प्रत्येक दार आपल्यालाच शोधून उघडावं लागतं. भाचीच्या आईची निम्मी ताकद फॉर्म, अभ्यासकेंद्र आणि फोटोंच्या मापात गेली.

मोकळं आभाळ
मालविका जोशीचं नाव कोणी घेतलं नाही अजून. मुंबईची मुलगी, सातवीनंतर शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं आणि २०१६ मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश.

पाटी पुस्तक
खरं आहे, मला तिचा फार अभिमान वाटतो. पण बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीत तिला जाता आलं नाही, हेही त्याच गोष्टीत आहे. आणि तीन पदकं मिळवणारी मुलगी शाळेत गेली असती तरी चमकलीच असती. आपण आपल्या साध्या मुलांचं बोलू या.

उंबरठा
मी चार वर्षं घरी शिकवलं आणि थांबवलं. कोणाला नाउमेद करायचं नाही, पण माझं चुकलं ते सांगते. सकाळी नऊला मी पदर खोचून ‘चला, अभ्यास’ म्हणायचे. पोळ्या लाटता लाटता पाढे विचारायचे, चुकलं की हातातलं लाटणं आपटायचे. एकदा मुलाने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, “आत्ता तू आई आहेस की बाई?” त्या रात्री मला झोप लागली नाही.
पाचवीत शाळेत घालायला गेलो तर आधीच्या शाळेचा दाखला मागितला. शाळाच नव्हती तर दाखला कुठला? दोन महिने खेटे घातले. शेवटी शिक्षण खात्यातल्या एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ दाखवलं: शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. तो छापील कागद नेला तेव्हा काम झालं. हे आधी माहीत असतं तर मुलाचे दोन महिने वाचले असते. मुलगा गणितात पुढे होता, पण तासाभराचा पेपर सलग लिहायला त्याला वर्ष लागलं. हाताला सवयच नव्हती.

राईन काठ
जर्मनीतून लिहितोय. इथे घरी शिकवायला बंदी आहे, शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होतो. आमची मुलगी आली तेव्हा जर्मनचा एक शब्द येत नव्हता. सरकारी शाळेत गेली, दिवाळीपर्यंत भांडायला लागली, म्हणजे भाषा आली. मुलांना मुलं लागतात, एवढं मी पाहिलं. माझा सल्ला तालुक्याची चांगली शाळा.

सोनचाफा
तेच तर मी म्हणतेय. आणि वाडीतल्या शाळेत भाषाही बिघडते. आमच्या शेजारची मुलं सगळं मालवणीतच बोलतात.

वेंगुर्ल्याचो
मालवणीन कोणाची भाषा बिगाडली गे बाय? माझो झील अशाच दोन मास्तरांच्या शाळेत शिकलो, आज कृषी खात्यात आसा. घरात मालवणी, शाळेत मराठी, मगे इंग्रजी. पोरांका काय जड जायत नाय. आपली भाषा बोलाक लाज कित्याक?

काजूबाग
भाषेची मला काळजी नाही. मुलगी आत्ताच आजीशी मालवणीत आणि माझ्याशी मराठीत बोलते, मध्येच बदलते, तिला कळतही नाही. शाळेबद्दल सांगा ना कोणी. आत काय शिकवतात, कसं शिकवतात?

खडू फळा
१९ वर्षं जि. प. शाळेत शिकवतोय, त्यातली आठ द्विशिक्षकी शाळेत. म्हणून सविस्तर लिहितो.
कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. तुमच्याकडे अकरा मुलांना दोन, हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात एक जण मतदार यादी, बैठक, ऑनलाइन माहिती यात अडकतो आणि दुसऱ्याच्या पुढ्यात चार इयत्ता. मी पहिलीला मातीत अक्षरं गिरवायला बसवून तिसरीची वजाबाकी घ्यायचो. शिक्षकाला हे जमत असेल तर लहान मुलाचा फायदा असतो, पहिलीतलं पोर कानावर पडेल ते सगळं उचलतं. जमत नसेल तर दिवस नुसता उजळणीत जातो.
पुस्तकं, गणवेश, दुपारचा आहार मोफत. पुस्तकं बालभारतीची, तीच खाजगी मराठी शाळेतही असतात. पुढे सांगेलीच्या नवोदयचा (केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीपासूनची) विचार असेल तर पाचवी याच जिल्ह्यात शिकत असावी लागते आणि ग्रामीण जागांसाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत. घरी शिकवणार असाल तर हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.
सध्या सकाळची शाळा चालू आहे. न सांगता अकरा वाजायच्या आत एकदा जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसू नका, वर्गात मागे बसा. दुसरीतल्या मुलाला पुस्तकाचं न शिकवलेलं पान वाचायला द्या. गोष्टींची पुस्तकं पेटीत कुलपात आहेत की मुलांच्या हाताला येतील अशी, ते बघा. गेल्या महिन्यात दोन्ही शिक्षक किती दिवस हजर होते ते मुलांना विचारा. संडासात पाणी आहे का बघा, मुलींसाठी ते फार महत्त्वाचं.
तरीही मत विचाराल तर वाडीची नको, केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेत घाला. पट जास्त, इयत्तेला शिक्षक मिळतो. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचं पुढे काय होईल याची मलाच रोज धाकधूक असते.

अभ्यासू पालक
परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी जि. प. शाळेतलेच. माढा तालुक्यातल्या छोट्या शाळेतून २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. जि. प. ला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायदा कलम
एका गुरुजींवरून सगळ्या शाळा ठरत नाहीत.

अभ्यासू पालक
एका मालविकेवरून घरची शाळाही ठरत नाही.

निवांत
कोल्हापूरला लीलाताई पाटलांची सृजन आनंद, फलटणला कमला निंबकर बालभवन, अशा शाळा आहेत. मुलांना मारत नाहीत, स्वतःच्या शब्दांत लिहू देतात. तिकडे राहायला जाता आलं तर बघा.

काजूबाग
बाग उचलून फलटणला नेता येत नाही हो. पण अशा शाळांत कसं शिकवतात ते वाचेन.

मोकळं आभाळ
पुन्हा सांगतो, घरी शिकवा. आणि दुर्बीण घ्याच.

उंबरठा
घरी शिकवणार असाल तरी नाव शाळेत असू द्या, असं मी सांगेन. आणि शिकवायला घरातली दुसरी व्यक्ती बघा, तुम्ही नको.

काजूबाग, १९ एप्रिल
शाळेत जाऊन आले. खडू फळा गुरुजींनी लिहिलेलं सगळं बघितलं.
एकट्या बाई होत्या. दुसरे गुरुजी महिनाभर कामगिरीवर आहेत, मुलांनीच सांगितलं. संडासाला पाणी आहे, पण बादलीने न्यावं लागतं. पुस्तकांची पेटी बंद होती. चावी बाईंच्या पर्समध्ये, त्यांनी लगेच काढून दिली. म्हणाल्या, पुस्तकं अडकवायची दोरी भिंतीवर बांधायला खिळेच नाहीत.
वर्गात चारही भिंतींना खालच्या बाजूने काळा रंग दिलाय, गुडघ्याएवढ्या उंचीवर. प्रत्येक मुलाची आपली एक जागा, तिथे खडूने नाव. चौथीतला एक मुलगा दुसरीतल्या मुलीला चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून देत होता. तिने ३४ मधून १८ काढायचे होते. एक ढीग फोडल्याशिवाय आठ निघत नाहीत हे तिला समजेना. त्याने उत्तर सांगितलं नाही. ढीग फोडून तिच्या ओंजळीत ओतला आणि “आता बघ” म्हणाला. मी घरी मुलीला हेच तीन आठवडे वहीवर समजावत होते.
माझी मुलगी बरोबर होती. ती मला न विचारता भिंतीशी जाऊन बसली. बाईंनी तिच्यासमोर तिचं नाव लिहिलं. घंटा होईपर्यंत उठली नाही.

सोनचाफा
एक शिक्षिका आणि चार वर्ग! ताई, अजून विचार करा. बसमध्ये जागा आहे.

खडू फळा
बाई चांगल्या दिसतात. पण बदली झाली तर? केंद्रशाळा बघितली का?

काजूबाग
बघितली. पट ६८, वर्ग छान. पण चार किलोमीटर, वाटेत व्हाळ म्हणजे ओढा, त्यावर जुना साकव, छोटा पूल. पावसात तिला कोण नेणार-आणणार? बदलीची भीती आहेच. बदली झाली तर नवीन बाईंना मी आणि सासरे जाऊन भेटू.

काजूबाग, २१ जून
वाडीच्या शाळेतच घातलं. तुम्ही बहुतेकांनी नको सांगितलं होतं, तरी. घरची शाळा मनातून गेलेली नाही, पण माझा स्वभाव मला माहीत आहे, उंबरठाताईंचं लाटणं माझ्याही हातात आलं असतं. दुपारी घरी मी काहीच शिकवत नाही. सासरे तिला बागेत नेतात, रोपं मोजायला लावतात.
ठरवलेल्या २०,००० मधले ३,२०० खर्च झाले. रेनकोट, गमबूट, आणि बाकीची सगळी गोष्टींची पुस्तकं, शाळेसाठी. नवऱ्याने खिळे ठोकून नायलॉनची दोरी बांधली. पहिल्याच दिवशी पुस्तकं ओली झाली, कौलातून गळतंय. आता दोरी आतल्या भिंतीला घेतली आहे.

खडू फळा
अभिनंदन. दुसरे गुरुजी परत आले का?

काजूबाग
नाही अजून. उद्या सासरे आणि आणखी चार पालक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जाणार आहेत. अर्जात काय लिहावं ते सांगाल का?