सिकलच्या शिबिरात हृदयाचा जीनही तपासावा का?

आर्वीचा मास्तर
शाळेत सिकलसाठी, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी, रक्त घेतातच, तर त्यातच हृदयाचंही का पाहू नये? मायबीपीसी-३ या जीनमधली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असणं भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. मायोसिन हे प्रथिन हृदयाचा स्नायू आखडतं आणि त्याला आवर घालणारं प्रथिन हा जीन बनवतो. ते बिघडलं की उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. आधी कळलं तर वाईट काय?

उपकेंद्राची सिस्टर
सर, सिकलची पहिली चाचणी जागेवर होते. याला पीसीआर, म्हणजे जीन तपासायची प्रयोगशाळेतली चाचणी लागेल, ती कोण करणार? आणि सापडलं तर देणार काय? २०१८ च्या एका अभ्यासात, त्याच जीनमध्ये आणखी एक बदल असलेल्यांतच हृदयाचा दोष ठळक दिसला. मग सरसकट ४ टक्क्यांना घाबरवायचं? सिकल तपासणीचं पिवळं कार्ड पाहून सोयरिकी मोडलेल्या मी पाहिल्यात.

शिवाय प्रथिनं काय फक्त जन्मतःच बिघडतात? बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहून हृदय थकलं, की पेशीत कॅल्शियम परत ओढून घेणारा सर्का नावाचा पंप कमी पडतो. हृदय नीट सैल होत नाही, पुढचा ठोकाही दुबळा पडतो. हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्यांनी हे बदल काही रुग्णांत थोडेफार माघारी फिरतात. पण ‘डोकं दुखत नाही’ म्हणून बीपीची गोळी सोडणारे घरोघरी!

पराटीवाला
आमच्या बुढ्याले दम लागे, पाय सुजत. आमी म्हातारपण समजलो. इकोसाठी, म्हंजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, जिल्ह्याले नेलं तवा हृदयाचं समजलं. जीनचं मंग पाहू, आंधी तालुक्याले इकोची मशीन द्या ना बाप्पा!

आर्वीचा मास्तर
मान्य. पण एकाच घरातले दोघं-तिघं पन्नाशीच्या आत हृदयाने गेले असतील तिथे? हृदय फुगण्याचा आजार घराण्यात असेल, तर साधारण चारातल्या एका रुग्णात टायटिन या प्रथिनाचा जीन तुटका निघतो. भावंडांचा इको वेळेत झाला तर औषध लवकर सुरू होतं.

उपकेंद्राची सिस्टर
अशी घरं आशाताईंना तोंडपाठ असतात. तिथे तपासा, माझा विरोध नाही. पोरांना रांगेत उभं करून नको.

पराटीवाला
रांगेत बीपी तं मोजा सगळ्याईचं. सिकलले चाळिशीपर्यंतचेच बलावता, दम लागणारे बुढे घरीच रायतात.