नाईटमेअर : यातली घोडी कुठून आली?

नाईट म्हणजे रात्र, मेअर म्हणजे घोडी. मग वाईट स्वप्नाचा नि घोडीचा संबंध काय? जाणकारांनी प्लीज सांगा.

> घोडीचा संबंध काय

काही नाही. हा मेअर वेगळाच. ती एक भुताटकी, झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसायची आणि श्वास कोंडायची. जुन्या इंग्रजीत घोडीचा शब्द वेगळा होता, पुढे उच्चार झिजत झिजत दोघींचं स्पेलिंग एकच झालं. १३०० च्या आसपास नाईटमेअर सापडतो तो या भुताटकीसाठीच, मग भूत गेलं नि छाती दडपल्याची जाणीव तेवढी उरली, जॉन्सनच्या १७५५ च्या डिक्शनरीत पण छातीवर वजन ठेवल्यासारखं दडपण असाच अर्थ दिलाय, आणि नुसतं वाईट स्वप्न हा अर्थ तर थेट १९व्या शतकातला. थोडक्यात ते दडपण म्हणजे आजचं स्लीप पॅरालिसिस, जाग आलेली असते पण हात हलत नाही, ओरडावं तर आवाज फुटत नाही. गावाकडे अजून म्हणतातच की, भूत छातीवर बसलं.

फ्रेंचमध्ये वाईट स्वप्नाला कोशमार म्हणतात, त्यात पण हीच बया आहे, पहिला भाग तुडवणे.

> काही नाही

मग चित्रकार फ्युसेलीच्या नाईटमेअर नावाच्याच चित्रात घोडा काय करतोय? १७८२ ला लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं होतं ते. बाई आडवी पडलीये, छातीवर एक बुटकं ध्यान बसलंय आणि मागे पडद्यातून डोळे वटारलेलं घोड्याचं तोंड.

छातीवरचं ध्यान हा खरा अर्थ, पडद्यातलं तोंड हा लोकांचा गैरसमज, एकाच फ्रेममध्ये दोन्ही :) डच लोकांनी तर शब्दच बदलला, त्यांच्या नाख्तमेरीतली मेरी म्हणजे चक्क घोडी.

बुद्धाला छळणारा मार याच घराण्यातला का?

तो मृ धातूवरून, मारणारा. उच्चार जुळला म्हणून लगेच सोयरीक जमवू नका राव, घोडीचा घोळ असाच झालाय.

आणि घोडीच पाहिजे असेल तर मार्शल घ्या. फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पण मूळ जर्मानिक जोडशब्द, पहिला अर्धा घोडा, दुसरा नोकर. विधानसभेत आमदारांना उचलून बाहेर नेतात ना, ते मुळात तबेल्यातले मोतद्दार.