उत्तर: ग्राफिक्स कार्ड आणि स्टॉकफिश

महागडं ग्राफिक्स कार्ड बसवलं की स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची ताकद वाढेल, हा समज चुकीचा आहे. स्टॉकफिश ते कार्ड वापरतच नाही. 2020 पासून त्यात स्थितीचं मूल्यमापन करणारं न्यूरल नेटवर्क आलं, पण ते मुद्दाम सीपीयूसाठी, म्हणजे मुख्य प्रोसेसरसाठी बेतलेलं: हिशेब छोट्या पूर्णांकांत, आणि खेळी झाली की हललेल्या मोहऱ्यांपुरताच नेटवर्कचा पहिला थर सुधारायचा. एकेक स्थिती कार्डाकडे पाठवली तर जाण्यायेण्यातच जास्त वेळ जाईल. लीला हा दुसरा बुद्धिबळ प्रोग्राम वेगळा, ती स्थितींचे गठ्ठे करून कार्डाकडे देते, तिथे पैसे सार्थकी लागतात.

खास हार्डवेअरने ताकद वाढते यासाठी कास्पारोव्हला हरवणाऱ्या आयबीएमच्या डीप ब्लूचा दाखला देतात, पण तो इथे अर्धाच लागू पडतो. 1997 च्या यंत्रात बुद्धिबळासाठीच घडवलेल्या 480 चिपा होत्या, वेग सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती. पण मूल्यमापन चिपेत कोरलेलं. गुणांक बदलता येत, नवा निकष घालायचा तर चिपच नवी. हायड्रा या नंतरच्या बुद्धिबळ यंत्राने म्हणूनच एफपीजीए ही चिप घेतली, ती पुन्हा प्रोग्राम करता येते. 2005 मध्ये हायड्राने इंग्लंडचा ग्रँडमास्टर मायकेल अ‍ॅडम्सला साडेपाच-अर्धा असं हरवलं.

घरी करायचं ते असं: स्टॉकफिशची एव्हीएक्स2 ची बिल्ड घ्या, म्हणजे प्रोसेसरच्या त्या वेगवान सूचना वापरणारी आवृत्ती. एएमडीच्या झेन 3 च्या आधीच्या रायझन प्रोसेसरांवर बीएमआय2 ची बिल्ड नको. ती बिल्ड वापरते ती पेक्स्ट ही प्रोसेसरची सूचना तिथे भलतीच संथ आहे. थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कोअरइतके ठेवून बघा. हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्याची मेमरी) वाढवा, पण रॅम संपून डिस्कवर स्वॅप सुरू झालं तर वेग कोसळतो. बदल केल्यावर दर वेळी स्टॉकफिशची ‘बेंच’ ही वेगचाचणी चालवून सेकंदाला किती स्थिती तपासल्या तो आकडा ताडून पाहा.