चक्रीवर लाल इतक्या वेळा कसं?

प्रश्न: परळच्या आमच्या चाळीत गणपतीसाठी पुठ्ठ्याची चक्री केली. 8 सारखे भाग, एकच लाल. डाव 10 रुपयांचा, लाल आलं की 50. 40 डावांत 9 वेळा लाल! 400 जमले, 450 गेले. लेक रडवेली झालीय. हिशोब चुकला का?

उत्तर: नाही ताई. डावामागे सरासरी सव्वासहा रुपयेच जातात. 40 डावांत लाल साधारण 5 वेळा; 3 किंवा 7 आलं तरी नवल नाही. 9 जरा जास्तच.

उत्तर: चक्री भिंतीला टांगलीय का? जड बाजू खाली येऊन थांबते. आमच्या चक्रीमागे डिंकाचा गोळा निघाला होता.

प्रश्नकर्ती: टांगलेलीच आहे! आडवी ठेवून रात्री 200 वेळा फिरवतो. 25च्या आसपास ना?

उत्तर: हो, बहुधा 16 ते 34.