विषय: खेळाच्या खोलीतला 4के पडदा, 120 येत नाही, शुक्रवारच्या आत ठरवा

प्रेषक: युवा विभाग

मंडळी,
पडदा काल लावला. प्लेस्टेशन 5 वर 120 (सेकंदाला 120 चित्रं) निवडलं की चित्र 4के वरून 1080 वर घसरतं. 60 वर ठेवलं तर 4के आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) दोन्ही येतात, पण काळ्यावरची बारीक लाल अक्षरं कडेनं विस्कटतात. शर्यतीच्या खेळात खाली लाल आकडा येतो ना, तो जवळ जाऊन वाचावा लागतो. खोक्यावर एचडीएमआय 2.1, म्हणजे नवी वेगवान जोडणी, असं ठळक छापलंय. परत करायची मुदत शुक्रवारी संपते आणि मुलं रविवारी येणार. ठेवायचा की परत करायचा, कृपया आज-उद्या सांगा.

प्रेषक: खजिनदार

परत करा. 1440 घ्या असं मी दोन्ही बैठकांत म्हटलं होतं, इतिवृत्तात आहे. 4के म्हणजे जवळपास 83 लाख पिक्सेल, 1440 म्हणजे 37 लाख. यंत्राला दुपटीहून जास्त काम करायला लावायचं आणि मग 120 येत नाही म्हणून धावाधाव. बिल माझ्याकडे आहे. खोकं आणि आतले थर्माकोल कुणीही टाकू नका.

प्रेषक: साहित्य समिती

पडदा लावायच्या आधी आम्हाला कळवायला हवं होतं. हॉलमधलं प्रत्येक उपकरण आमच्या यादीत जातं, हे प्रोजेक्टरच्या वेळीच ठरलंय. नक्की कुठल्या वायरने जोडलाय? भिंतीतून गेलेली वायर आणि कपाटामागचा तो लहान डबा आम्ही प्रोजेक्टरसाठी बसवलाय. त्याला हात लावू नये.

प्रेषक: युवा विभाग

ताई, त्या डब्यातूनच जोडलाय. प्रोजेक्टर आणि पडदा दोन्हीकडे चित्र हवं होतं.

प्रेषक: एक जुना सभासद

मग पडद्याला दोष देण्याआधी तो डबा बाजूला काढा. माझं आयुष्य सिग्नलच्या कामात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या एचडीएमआय 2.0 ची वाट सेकंदाला 18 गिगाबिटची. त्यातली प्रत्यक्ष चित्रासाठी 14.4 च उरतात. 4के, 60 आणि 8 बिट रंग यांना लागतात 14.26. म्हणजे जेमतेम मावतं. एचडीआरला 10 बिट हवेत, की तीच मागणी 17.82 वर जाते आणि वाट पुरत नाही. मग यंत्र रंगांची माहिती आडव्या दिशेत अर्धी करून पाठवतं, त्याला 4:2:2 म्हणतात. उजेड-अंधार पूर्ण जातो, रंग अर्धा. चेहरे, आभाळ, गवत यांत ते कळत नाही. काळ्यावरच्या लाल रेघेत मात्र लगेच दिसतं. तुमचा लाल आकडा त्यामुळेच फाटतोय. आणि 120 ला 4के एचडीआर त्या वाटेने जातच नाही, म्हणून यंत्र मुकाट्याने 1080 देतं. लक्षणं सगळी 18 च्या वाटेची आहेत, आणि तो डबा बसवला तेव्हा एचडीएमआय 2.1 ची, 48 गिगाबिटपर्यंतच्या वाटेची यंत्रं आपल्याकडे नव्हतीच.

प्लेस्टेशनच्या 'स्क्रीन आणि व्हिडिओ' मध्ये सध्याच्या सिग्नलची माहिती दिसते. तिथे वाययूव्ही 422 लिहिलंय का, एवढं बघून कळवा.

प्रेषक: एक सभासद (ज्यांचा मुलगा स्पर्धा खेळतो)

1440 विरुद्ध 4के हा वाद अंतराचा आहे, आकड्यांचा नाही. 27 इंची 4के पडद्यावर एका इंचात 163 पिक्सेल बसतात, 43 इंचीवर साधारण 102. आपल्या खोलीत मुलं हातभर अंतरावर बसतात, त्यामुळे आपल्या 43 इंचीएवढ्या मोठ्या पडद्यावर 1440 घेतलं तर दाणे दिसतील. खजिनदारांचा मुद्दा टेबलावरच्या 27 इंचीला अगदी बरोबर आहे. आमच्या घरी तोच आहे.

शिवाय ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो तो पडदा, का घेतला नाही? काळं तिथे खरंच काळं असतं.

प्रेषक: खजिनदार

ओएलईडीचं नाव काढू नका. माझ्या पुतण्याकडे एकच फुटबॉलचा खेळ वर्षभर रोज चालायचा. आता पांढरं पान उघडलं की वरच्या डाव्या कोपऱ्यात गुणफलकाची पुसट चौकट दिसते. मी स्वतः पाहिलीय. आपल्या खोलीत तर एकच खेळ दिवसभर चालू असतो.

प्रेषक: एक सभासद (ज्यांचा मुलगा स्पर्धा खेळतो)

दिवसभर एकच खेळ चालतो हे खरं. त्यातून खोलीला दोन मोठ्या खिडक्या, आणि सगळा पडदा पांढरा झाला की ओएलईडी स्वतःचा उजेड आवरता घेतो. दुपारच्या खोलीत ते खुपेल. माझं म्हणणं मागे घेते.

प्रेषक: युवा विभाग

काका, 422 च लिहिलंय.

प्रेषक: साहित्य समिती

समितीच्या वतीने मी आज संध्याकाळी स्वतः जाऊन डबा सोडवते. प्रोजेक्टरची जोडणी परत जशीच्या तशी व्हायला हवी. काकांनी सोबत यावं.

प्रेषक: एक जुना सभासद

गेलो, पाहिलं. डबा काढला आणि प्लेस्टेशनबरोबर आलेली आखूड वायर थेट लावली. पहिल्या भोकात तरीही 60 च! माहितीपुस्तक काढलं तेव्हा कळलं की चार भोकांपैकी तिसरं आणि चौथं एवढीच पूर्ण क्षमतेची आहेत. 2.1 छापलं म्हणजे 48 मिळतातच असं नाही, त्या नियमावलीतल्या बहुतेक गोष्टी ऐच्छिक आहेत. तिसऱ्यात लावलं, 60 ला आरजीबी, म्हणजे पूर्ण रंग, आलं, लाल आकडा कोरीव दिसायला लागला. मग 120, पूर्ण 4के, एचडीआरसकट. 120 ला माहितीत पुन्हा 422 दिसेल, त्याने बिचकू नका. हे यंत्र 120 ला तसंच पाठवतं.

म्हणजे तक्रार होती त्या बाबतीत पडदा निर्दोष आहे.

पण परत कराच, असं मी म्हणतो. खिडक्यांचे पडदे ओढून एक गुहेचा खेळ लावला. हातात मशाल घेतलेला माणूस आत शिरला आणि मशाल वर उचलली की अख्खी गुहा, पार कोपऱ्यातला दगडसुद्धा, राखाडी उजळायचा. मशाल खाली, गुहा पुन्हा काळी. सगळ्या पडद्यामागचा दिवा एकत्र वर-खाली होतोय. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात डिस्प्लेएचडीआर 400 लिहिलंय, म्हणजे एचडीआर पडद्यांच्या त्या प्रमाणपत्रातली सगळ्यात खालची पातळी. 2017 च्या मूळ नियमांत त्या पातळीला विभागवार दिव्यांची अटच नव्हती, काळं 0.4 निटपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजळ चालायचं. 1000 च्या पातळीला तीच मर्यादा 0.05 होती, ओएलईडीसाठी नंतर आलेल्या ट्रू ब्लॅक पातळीला 0.0005. एचडीआरचा सिग्नल घेणं वेगळं आणि तो दाखवणं वेगळं.

उजेडाच्या खोलीत, दिवसभर एकाच खेळासाठी, मिनी एलईडी घ्या, ज्यात मागचे दिवे शेकडो भागांत स्वतंत्र विझतात. चांदणीभोवती थोडं वलय दिसेल, ते मला चालेल.

प्रेषक: खजिनदार

कारण बदललं, निर्णय तोच. उद्या सकाळी बिल घेऊन येतो. खोकं कुणी जपून ठेवलंय?

प्रेषक: युवा विभाग

खोकं आहे. थर्माकोलचा एक तुकडा मिळत नाहीये, शोधतोय. नव्या पडद्याच्या माहितीपुस्तकात किती भोकं 48 ची आहेत ते घ्यायच्या आधी काकांना पाठवतो.

प्रेषक: साहित्य समिती

थर्माकोल आमच्या कपाटात, वरच्या फळीवर. आणि नवा पडदा आला की आधी यादीत नोंद करा, मग लावा.