मदत हवी आहे : स्पेनच्या एइबार फुटबॉल क्लबसारखे शेअर विकून संघ चालवता येईल का?

मंडळी, इथे कुणी सीए किंवा स्पेनमध्ये राहणारं आहे का?

कोल्हापुरात आमचा फुटबॉल संघ यंदा वरच्या गटात खेळणार. वर्गणीतून बूट-जर्सी निघते, पण बाहेरचा खेळाडू आणायचा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. एकाच बिल्डरच्या दारात जायला माझा विरोध आहे. त्याचा मूड गेला की संघ रस्त्यावर.

म्हणून एइबारचं उदाहरण पुढे करतोय. उत्तर स्पेनच्या बास्क भागातलं सुमारे २७ हजार वस्तीचं गाव. २०१४ मध्ये त्याचा क्लब ‘ला लिगा’त, म्हणजे स्पेनच्या सर्वात वरच्या लीगमध्ये चढला. डोक्यावर कर्ज नाही, तरी नियमाप्रमाणे भांडवल कमी, म्हणून सुमारे १७ लाख युरो जमवा नाहीतर खाली जा! ५० युरोला एक शेअर काढला, जगभरातून पैसे आले. गंमत म्हणजे पुढच्याच मोसमात एल्चे या दुसऱ्या क्लबला थकबाकीपायी खाली ढकललं आणि १८ वा येऊन खाली जाणारा एइबार वाचला. २०२१ पर्यंत टिकला.

आमचं मंडळ ट्रस्ट आहे, म्हणजे शेअर काढता येणार नाहीत. मग वेगळी कंपनी काढावी, की आजीव सभासद फीवर भागवावं? ऑडिटचा खर्च किती वाढेल? आणि एइबारच्या छोट्या भागधारकाला सभेत कुणी विचारतं का?

अनुभव असलेल्यांनी सांगा, फॉरवर्ड नकोत.