लंडन-पॅरिस व्हीलचेअरवर ‘बिनधास्त’? बसून बघा आधी

चाकांवरची: ‘व्हीलचेअर असली तरी लंडन-पॅरिस मेट्रोनं बिनधास्त फिरा, तिकडे सगळं सोयीचं’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. खुर्चीत कोण बसलं होतं? मी १७ वर्षं बसतेय. पॅरिसला १९९८ मध्ये सुरू झालेली १४ नंबरची लाइन सोडली तर मेट्रो म्हणजे जिनेच जिने. चार दिवस बसनं फिरले. लंडनच्या नकाशात खुर्चीचं चिन्ह दोन रंगांत असतं. निळं म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यात, पांढरं म्हणजे नुसतं फलाटापर्यंत. पांढऱ्या स्टेशनवर उतरताना माझी पुढची चाकं फटीत आणि कॉफी मांडीवर. मागच्या पोरानं हँडल धरलं म्हणून तोंडावर आपटले नाही.

डोंबिवली फास्ट: ताई, फट असली की पाठमोरं उतरायचं, मोठी चाकं आधी. १७ वर्षांत कुणी सांगितलं नाही? लंडनच्याच एलिझाबेथ लाइनच्या ४१ही स्टेशनांत फलाटापर्यंत एक पायरी नाही. आपल्याकडे संध्याकाळी सहाला दिव्यांग डब्यात चढून दाखवा. सगळे धडधाकट, कानात इअरफोन.

गुडघेदुखी: ‘धडधाकट’ कुणाला म्हणता? माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. दिसत नाही म्हणून रोज कुणीतरी खेकसतं.

डोंबिवली फास्ट: सर्टिफिकेट आहे?

गुडघेदुखी: नाही. तीन खेपा घातल्या, दर वेळी साहेब रजेवर.

डोंबिवली फास्ट: मग दुसरा डबा पकडा. माझा भाऊ कुबड्या घेऊन दारात लटकतो.

गुडघेदुखी: आणि मी कुठे लटकू? तुमच्या खांद्यावर?

टोकियोची सून: अहो, धागा परदेशाचा आहे! इथे सासऱ्यांना नेते तेव्हा स्टेशनवरचा माणूस घडीची फळी घेऊन डब्यापाशी येतो, उतरायच्या स्टेशनला कळवतो. तिथे दुसरा फळी घेऊन दारासमोर हजर.

चाकांवरची: छान. आणि तो आला नाही तर? पॅरालिम्पिकची ११ सुवर्णपदकं जिंकलेल्या टॅनी ग्रे-थॉम्प्सन ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉसला सरपटत गाडीतून उतरल्या, कारण उतरवायला कुणी आलंच नाही. ब्रिटिश संसदेत बसणाऱ्या बाईची ही गत.

डोंबिवली फास्ट: बरं बाई, ‘बिनधास्त’ शब्द मागे. कालची पोस्ट माझीच. खुर्चीत आई होती, ढकलत मी होतो.

चाकांवरची: तरीच! मीही पाठमोरी उतरेन हो. आता आईंना लिहायला सांगा.